जुळ्यांच्या आईचं मशीन

"काही सापडलं नाही. दुसरे शब्द वापरून पाहा."

संगणकाने चौथ्यांदा हेच सांगितलं, तेव्हा बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मुलीकडे पाहिलं. "बघ, तुझं बाळ काय बोलतंय."

मुलीला हसू आलं आणि रागही आला. इंटरनेटवरच्या त्या मंचाचं नवं रूप तिनेच केलं होतं. शिवणयंत्रवाले सगळे तिथे आपल्या अडचणी मांडायचे, आणि बाबा चौदा वर्षं त्यांना फुकट उत्तरं देत आले होते. नवं रूप आल्यापासून रोज चारच्या ठोक्याला त्यांचा फोन. शोध चालत नाही, अक्षरं बारीक आहेत, माझी जुनी उत्तरं कुठे गडप केलीस? शेवटी मात्र न चुकता, "बाकी रंग छान आहे हो." आज रविवार, म्हणून एकदाचा सोक्षमोक्ष लावायला ती लॅपटॉप काखोटीला मारून आली होती.

टेबलावर एक मशीन पोट उघडून पडलं होतं. पडदे शिवणाऱ्या बाईंचं. त्यांच्याकडे हे एकच, आणि दवाखान्याचे चाळीस पडदे उद्या द्यायचे होते. पाचला त्या मशीन न्यायला येणार होत्या. आतल्या दोन स्क्रूंपैकी एक साऱ्या जगाच्या उलट फिरतो. चुकीच्या बाजूला जोर लावला की तुटलाच, आणि तसा स्क्रू आता कुठे मिळत नाही. उलटा कोणता, ते बाबांनीच कधीतरी मंचावर लिहिलं होतं. आता त्यांना आठवत नव्हतं.

"मॉडेलचा नंबर टाका ना, बाबा."

"नंबराची पाटी कधीच घासून गेलीये."

"मग तुम्ही टाकताय तरी काय?"

तिने वाकून पाहिलं. शोधाच्या चौकटीत लिहिलं होतं, जुळ्यांची आई.

"बाबा!"

"अगं, तिनेच विचारलं होतं! एक पोर मांडीवर, दुसरं पायाशी, बिचारीला पायडल मारू देत नव्हती. तिचं मशीन हेच. पूर्वी 'जुळ्यांची आई' टाकलं की लगेच हजर व्हायची."

मुलीने कपाळावर हात मारला. "आता शोध फक्त शीर्षकं बघतो. आत लोक वाट्टेल ते लिहितात. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाच्या पोराला ताप, कुणाकडे पाहुणे. तो सगळा फापटपसारा मी शोधातून काढून टाकलाय."

"असं होय," बाबा म्हणाले. ते वादाला उभे राहतील असं तिला वाटलं होतं, पण ते फडक्याने स्क्रूड्रायव्हर पुसत राहिले. "मला मशीन आठवत नाही गं. माणूस आठवतो. माणसाचं बोट धरून मशीन येतं."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर एका स्क्रूवर टेकवला आणि उचलला. पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. हा हात कचरलेला तिने जन्मात पाहिला नव्हता. तिला फार वाईट वाटलं.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तिने लॅपटॉप उघडला. हा फापटपसारा काढावा म्हणून तिने मंच चालवणाऱ्या सगळ्यांशी तीन दिवस हुज्जत घातली होती. परत घालायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"आता टाका."

बाबांनी एका बोटाने एकेक अक्षर दाबलं. जुळ्यांची आई हजर झाली. तिच्याखाली बाबांचं उत्तर होतं, "डावीकडचा उलटा फिरतो. घाई नको. आधी दोघांना झोपवा, मगच हात लावा."

"आली बघ, आली!" बाबांनी डावा स्क्रू उलटा फिरवला. तो हूं की चूं न करता सुटला. पुढच्या क्षणी त्यांचं डोकं मशीनच्या पोटात होतं आणि तोंडाने शीळ चालू होती.

शोध नीट चालतोय का ते एकदा पाहायला हवं होतं. बाबा माणूस टाकून शोधतात, तर आपणही टाकावा, म्हणून तिने लिहिलं, माझी मुलगी.

एकशे त्रेसष्ट उत्तरं आली. जवळजवळ सगळी बाबांची.

"टाका सैल येत असेल तर आधी बॉबिन साफ करा. माझी मुलगी आज सायकल शिकली. गुडघा फोडून घेतला, पण रडली नाही."

"पट्टा फार ताणू नका. माझी मुलगी हॉस्टेलला गेली. घर उगाच मोठं झालं आहे."

ती वाचत खाली खाली गेली. अकरा वर्षांपूर्वीच्या एका उत्तरापाशी थांबली.

"तेल दोनच थेंब घाला. माझी मुलगी सकाळपासून बोलत नाही. कारण कुणाला ठाऊक असल्यास कळवावे."

खाली कुणीच काही कळवलं नव्हतं. तिलाही कारण आठवेना. तिने बाबांच्या पाठीकडे पाहिलं, मग 'उत्तर द्या' हे बटण दाबलं आणि बराच वेळ लिहीत राहिली.

मंचावर कुणी काही लिहिलं की किणकिणतो, तसा बाबांचा फोन खिडकीत किणकिणला.

"माझे हात तेलकट आहेत," मशीनमधून आवाज आला. "जरा बघ गं, कोण अडलंय."