बटाट्याची चकती

मी रिटायर झालो आणि आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडलं, तेव्हा प्रभाने मनी प्लँटची कुंडी मांडीवर घेऊन दिल्लीतल्याच द्वारकेपर्यंत आणली. नव्या फ्लॅटमध्ये आम्हा नवराबायकोचं छान चाललंय.

यंदा त्या कुंडीतून चिलटं उडायला लागली. नर्सरीवाला म्हणाला, "मिट्टी पर कच्चे आलू का टुकड़ा रखिए, कीड़े उसी में आ जाएँगे."

प्रभाने संध्याकाळी बटाट्याची चकती मातीवर ठेवली. सकाळी मी चष्मा लावून ती उलटली. खाली बारीक पांढऱ्या अळ्या चिकटल्या होत्या, म्हणजे उपाय लागू पडला होता. पण चकतीच्या कडेला एक चावा होता. तांदळाच्या कणीएवढ्या दातांची ओळ उमटली होती, आणि मधल्या एका दाताची जागा रिकामी होती.

"उंदीर असेल," मी म्हणालो.

"अहो, सातव्या मजल्यावर, जाळी लावलेल्या बाल्कनीत?"

पंधरा दिवसांत अळ्या संपल्या, चिलटंही गेली. "चलो, आता चकती बंद," मी म्हणालो. प्रभाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाला भरल्या ताटावरून उठवत होतो.

तेव्हापासून ती रोज गुणगुणत एक चकती कुंडीत ठेवते. इतकी खुशीत मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

आज सकाळच्या चाव्यात दोन दातांच्या जागा रिकाम्या होत्या.

प्रभाने चकती उजेडात धरून पाहिली. "अगं बाई, दुसराही पडला." मग कुंडीवर वाकून ती हळूच म्हणाली, "आजपासून उकडून देते हं."