शेवटची मोहीम

येणाऱ्या नव्या गेमिंग कन्सोलवरून पेटलेल्या वादात भूषणनं तोंड घातलं, तसा निनाद उसळला. “तू गप रे! कधी कंट्रोलर हातात धरलायस? यूट्यूबवर दुसऱ्यांचे गेम बघायचे आणि आम्हाला अक्कल शिकवायची!”

कॅन्टीनमधलं सगळं टोळकं फिदीफिदी हसलं. भूषणनं चहा संपवला. “बघतो ना. पण शेवटपर्यंत बघतो. तुझ्या त्या लाडक्या जंगलाच्या गेममध्ये हत्तीण शेवटी पिसाळते. गोळी तुलाच घालावी लागते.”

घरी येऊन निनादनं तोच गेम लावला. शिट्टी मारताच त्याची हत्तीण झाडं बाजूला सारत धावत आली, सोंड उंचावून उभी राहिली. आता एकच मोहीम उरली होती.

त्यानं भूषणला एक कचकचीत शिवी हासडली आणि हत्तिणीला पुन्हा नदीवर आंघोळीला नेलं.