बावीस वर्षं

दिलीप बावीस वर्षं एकाच सरकारी खात्यात, एकाच खुर्चीवर. त्याची बायको कुमुदिनी येता-जाता ऐकवायची, "परदेशी कंपन्या आल्यापासून शेजारच्या राघवभावोजींनी तीन नोकऱ्या बदलल्या. तुम्ही आपले जागचे हलत नाही."

म्हणून यमुनेवरच्या क्लबाच्या नौकाशर्यतीत राघवला हरवायचंच, असं दिलीपने ठरवलं. सकाळभर खपून त्याने डोलकाठीच्या तारा ताणल्या, शीड चढवलं आणि कुमुदिनीला घेऊन तो प्रवाहाविरुद्ध निघाला. शंभरेक मीटरवरच बोटीच्या तळाचं लोखंडी पातं गाळात रुतलं. राघव हात हलवत पुढे निघून गेला.

"इथेही तेच," कुमुदिनी म्हणाली.

तेवढ्यात वारा पडला. एकेक बोट प्रवाहाबरोबर मागे वाहू लागली. राघवही "अरे यार, ये क्या" म्हणत त्यांच्या शेजारून मागे गेला. शर्यतीची शेवटची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या पिंपापर्यंत कोणीच पोचलं नाही आणि वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा सगळ्यांच्या पुढे होती ती दिलीपची बोट.

करंडक देताना सेक्रेटरींनी यशाचं रहस्य विचारलं.

दिलीपने कुमुदिनीकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "बावीस वर्षांचा सराव."