चौथ्या गाण्यातली टकटक

"'चौथ्या गाण्यात,'" काकांनी पेपर लांब धरून वाचलं, "'कुठून तरी खोलातून येणारी ती टकटक. धड तालात नाही, धड तालाबाहेर नाही. या बहीण-भावाच्या पहिल्याच अल्बममधली ही सर्वांत धीट जागा.'"

काकूंचा हात कपावर थांबला. "पुढे वाचा."

"साडेतीन तारे."

"पाचपैकी?"

"पाचपैकी. हा समीक्षक सख्ख्या बापालाही तीनच्या वर देणार नाही."

ही भावंडं दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर राहायला आली. थोरली औषधांच्या दुकानात कामाला, धाकटा सायकली दुरुस्त करणारा. संध्याकाळी सहा ते नऊ दोघं मिळून गाणी रचायची. ती गायची आणि कीबोर्ड वाजवायची, तो ड्रम वाजवायचा. पाठीशी कंपनी नाही, स्टुडिओ नाही. राहत्या खोलीतच माइक लावून त्यांनी नऊ गाणी ध्वनिमुद्रित केली, अल्बमला 'जिना' असं नाव दिलं आणि तो इंटरनेटवर टाकला.

आता सगळं ऐकणाऱ्यांच्या हातात होतं. एका बड्या कंपनीनं कळवलं होतं की पहिल्या महिन्यात लोकांनी अल्बम उचलून धरला, तर दोघांना राजधानीत बोलावू, घर देऊ, स्टुडिओ देऊ. नाहीतर राहिलं. थोरलीनं ते पत्र सगळ्यांत आधी खाली आणून दाखवलं होतं. "तुम्ही आमचे पहिले श्रोते," ती म्हणाली होती, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

त्या दिवसापासून काकांनी कंबर कसली. मुलांचं हे काम व्हावं, त्यांनी राजधानीत जाऊन नाव काढावं, असं त्यांना अगदी आतून वाटत होतं. काका आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत आले होते, त्यामुळे हाती घेतलेलं काम अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. भाचा, पुतणी, छापखान्यातले जुने सोबती, दातांचा डॉक्टर, सगळ्यांना त्यांनी ऐकायला बसवलं. डॉक्टर तर म्हणे आता दाढ काढताना तिसरं गाणं लावतात. काका स्वतः रोज एकेका गाण्याखाली अभिप्राय लिहीत. पण लिहायचं ते खरंच, हा त्यांचा नियम. पहिल्या गाण्याखाली त्यांनी लिहिलं, 'दोन वर्षं रोज ऐकतो आहे. डोक्यातून जात नाही.' चारशे जणांना ते पटलं.

काकू स्वतःला गाण्यातलं कळत नाही असं सांगत. तरी नऊच्या नऊ गाणी त्यांना पाठ होती. भाजी चिरताना गुणगुणत आणि काकांचं लक्ष गेलं की गप्प होत.

"हे ऐक," काकांनी पेपर ठेवून लॅपटॉप ओढला. "एक नर्स लिहिते, बसमध्ये सहावं गाणं ऐकता ऐकता रोज एक थांबा पुढे जाते. आणि हा एक म्हणतो, धाकट्याचा हात जरा जड आहे."

"जरा?" काकू म्हणाल्या.

"असू दे गं. बाकी सगळे खूश आहेत."

"आणि त्या टकटकीबद्दल?"

"त्यावर तर दीडशे जण भांडतायत. कुणाला काळजाचे ठोके वाटतात, कुणाला दारावर आलेला जुना प्रियकर. एकानं प्रबंधच लिहिलाय."

जाळी काढायचा लांब दांड्याचा झाडू सोफ्याशेजारी उभा होता, तो काकूंनी उचलून दाराआड ठेवला आणि कपबशा विसळायला घेतल्या.

शनिवारी महिना भरला. ऐकणाऱ्यांचा आकडा कंपनीनं मागितला होता त्याच्या दुप्पट निघाला. काकांनी तो तीनदा तपासला. काकूंनी भावंडांसाठी दोन चांगल्या प्रवासी बॅगा आणल्या, काकांनी निरोपाचं कार्ड लिहिलं आणि त्यातला एक स्वल्पविराम दोनदा बदलला.

"घर अगदी शांत होईल," काका म्हणाले.

"होईल," काकू म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात बेल वाजली. थोरलीच्या हातात केकचं खोकं होतं. मागे धाकटा दात काढत उभा होता.

"कंपनीचा फोन आला, काकू. बोलावलंय आम्हाला."

"कधी निघताय?" काकूंनी बॅगा पुढे केल्या.

बॅगा पाहून थोरलीला रडूच फुटलं. "नाही जाणार आम्ही. तुमच्यासारखी माणसं सोडून कुठं जायचं? आणि लोकांना आवडलंय ते याच खोलीतलं आहे ना. पेपरवालाही त्या टकटकीवरच लिहितो. ती राजधानीत कुठून आणणार? कंपनीला पटलं. आता स्टुडिओ इथंच, वरच्या खोलीत."

"नोकऱ्या सोडल्या आम्ही," धाकटा म्हणाला. "सकाळपासून बसायचं. भिंतींना आवाज अडवणारे तक्ते लागतील, पण जमीन तशीच ठेवायला सांगितलीय. नाहीतर तुमची साथ वर कशी येणार, काकू? मी जोर वाढवला की तुम्हीही वाढवायचात. पुढच्या अल्बमवर तुमचं नाव टाकणार आहोत."

दोघं काका-काकूंच्या पाया पडली आणि धावत जिना चढून गेली. काकांनी केकचं खोकं उघडलं, तसा वर ड्रमचा पहिला दणका बसला आणि छताचा चिमूटभर चुना केकवर पडला.

"दोन वर्षं सांगतोय तुला," काका म्हणाले, "झाडूच्या दांड्यानं छत ठोकत बसू नकोस, वर जा आणि सरळ सांग, बंद करा म्हणून."