निळा चौकोन

तपासणीची गाडी शेंद्रा गावाच्या कमानीखाली आली, तरी धाकट्या जावेचा, वच्छलाबाईचा, शोषखड्डा तुंबायचं नाव घेईना. चतुराबाईनं सकाळपासून घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या धुतल्या होत्या. गोधड्या संपल्या, मग म्हैस धुतली. इतकी घासली की तिचं स्वतःचं रेडकू तिला ओळखेना. शेवटी आधीच लख्ख असलेली भांडी तिनं पुन्हा काढली.

मोरीचं तोंड तिनं गेल्याच आठवड्यात गल्लीकडून फिरवलं होतं. मधल्या तुराट्यांच्या कुडाखालून चारी काढून सगळं पाणी गुपचूप वच्छलाबाईच्या खड्ड्यात सोडलं होतं. पण दगड, विटांचे तुकडे, वाळू, सगळं वच्छलाबाईनं डोक्यावर वाहून भरलेलं. खड्डा असा तहानलेला, की धरणाचा दरवाजा उघडला असता तरी त्यानं ढेकर दिली नसती.

सगळं दुखणं होतं भिंतीवरच्या निळ्या चौकोनाचं. जगानं म्हणे सतरा कामं ठरवून घेतली आहेत. ग्रामपंचायतीनं ती गावात वाटून टाकली. ज्या घरानं त्यातलं एखादं करून दाखवलं, त्याच्या दर्शनी भिंतीवर त्या कामाच्या रंगाचा चौकोन. निळा, सांडपाणी जिरवल्याचा. वच्छलाबाईच्या भिंतीवर तो आला तसे पाहुणे तिच्याच दारात थांबू लागले, फोटो तिचाच काढू लागले, आणि चपला काढताना हात टेकायला तेवढी चतुराबाईची कोरी भिंत वापरू लागले. तपासणीत खड्डा तुंबलेला सापडला तर चौकोनावर चुना फिरणार, असं सरपंच बद्रीनाथनं जाहीर केलं, त्या दिवशी चतुराबाई कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

गाडीतून तपासणीच्या नीरजा मॅडम उतरल्या. खड्ड्याभोवती फिरल्या, पायानं माती दाबून पाहिली. कोरडी. मग त्यांची नजर चतुराबाईच्या दाराकडं गेली. तिथलं गटार गावाला माहीत होतं. त्यातले डास एकेकदा म्हैस उचलून नेतील की काय असं वाटायचं. आता ते वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. मॅडम कुडाशी आल्या, वाकल्या, चारी कुठून कुठं जाते ते पाहिलं.

"दोन घरं, एकच खड्डा. हेच तर हवंय आम्हाला," त्या म्हणाल्या. "कल्पना कुणाची?"

चतुराबाईनं हातातला तांब्या पुन्हा घासायला घेतला. वच्छलाबाईनं चारीतला साबणाचा फेस पाहिला, दोरीवरच्या गोधड्या पाहिल्या, चकाकणारी म्हैस पाहिली.

"आमच्या थोरल्या बाईंची," ती म्हणाली. "माझ्या खड्ड्याची येवढी काळजी दुसऱ्या कुणाला हाय?"

बद्रीनाथनं फकिरा पेंटरला तिथंच हाक मारली. चतुराबाईच्या भिंतीवरचा चौकोन पुरा होईपर्यंत शेजारणी जमल्या, फोटो निघाला. त्यात चतुराबाई हसली नाही. गाडी गेल्यावर वच्छलाबाई चहा टाकायला वळली. जाता जाता बाईंनाही या म्हणाली.

चतुराबाई गेली नाही. ती आपल्या चौकोनासमोर उभी राहिली, मग जावेच्या. पुन्हा आपल्या.

"फकिरा, तिचा मोठाय."

"नाय हो काकू. एकाच साच्याचे हायत दोन्ही."

तिनं ऐकलं नाही. आपल्या ओल्या चौकोनावर वीत टाकली, कडेपासून कडेपर्यंत, दाबून. मग तोच हात तसाच धरून ती पलीकडं गेली आणि जावेच्या चौकोनाला लावला. हात उचलला तेव्हा चौकोनाच्या कडेबाहेर चार निळी बोटं उमटली होती.

फकिरानं रंगाच्या डब्याला झाकण लावलं.

"आता झाला बघा मोठा," तो म्हणाला.