टाइलएवढी जागा

बायको, मालिनी, गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा एकनाथ तिने भाजलेली शेवटची टाइल वर्तमानपत्रात गुंडाळत होता. सकाळीच तिने फोनवर बजावलं होतं, ही आज स्टेशनवर पोचव, उशीर करू नकोस. टाइल घरीच राहिली. तिच्या हातची म्हणून त्याने ती देवघरात ठेवली. सवाष्ण गेली होती. रोज अंघोळ झाली की तो टाइलला हळदकुंकू लावायचा.

तीन आठवड्यांनी, बुधवारी, आश्लेषाचा फोन आला. ब्रुकलिनमधल्या एका जुन्या सबवे स्टेशनच्या भिंती ती आणि मालिनी मिळून दुरुस्त करत होत्या. जुन्यात मिसळून जातील अशा टाइल्स मालिनीने दोन वर्षं खपून भाजल्या होत्या. तोच दुधी पांढरा रंग, तीच केसाएवढ्या भेगांची जाळी. आता एकच जागा रिकामी होती. शुक्रवारी इन्स्पेक्शन होतं. तोवर ती भरली नाही, तर कंत्राटदार तिथे कारखान्यातली टाइल बसवणार होता.

एकनाथने टाइल पुसली. कुंकू गेलं. हळद भेगांत उतरली होती. त्याने साबण लावला, व्हिनेगर लावलं, टूथब्रशने घासलं. पिवळी जाळी उलट जास्तच दिसायला लागली. ट्रेनमध्ये तो टाइल मांडीवर घेऊन बसला. तिने शेवटचं एक काम सांगितलं होतं, तेही त्याने नासवलं होतं.

स्टेशनवर आश्लेषा टाइल बसवायचा मसाला कालवून वाट बघत होती. तिने टाइल दिव्याखाली धरली. मग नाकाशी नेली.

"काका, हळद आहे ना ही?"

त्याने मान हलवली. ती हसली.

"घाबरलात काय? माझ्या व्हाइट कुर्त्यावर आमटी सांडली होती, तेव्हा काकूच म्हणाल्या, उन्हात टाक, हळद उडून जाते. उद्या दिवसभर खिडकीत ठेवा. शुक्रवारी सकाळी आणा, मी फिक्स करते."

"काहीच राहणार नाही?"

"काही नाही. एकदम कोरी होईल."

गुरुवारी अंघोळ करून एकनाथने टाइलला हळदकुंकू लावलं. खिडकीची फळी पुसून मोकळी केली. दिवसभर कडक ऊन होतं.

टाइल हळदकुंकवासकट देवघरातच राहिली.