एका घरातले प्रेक्षक

निर्माती शाल्मलीची मालिका अजून चित्रित व्हायची होती, पण दोन लाख प्रेक्षकांनी ती नाकारलीसुद्धा. हे प्रेक्षक खऱ्या माणसांच्या सवयींवरून वाहिनीच्या संगणकात घडवलेले होते; त्यांना मालिकेची नुसती संहिता दिली होती.

"रात्री आठला रहस्यकथा लावू," वाहिनीचे कार्यक्रमप्रमुख ठोसर सर म्हणाले. "तुझी सासरे-सुनेची मालिका दुपारी ढकल."

"दुपारी मालिका मरेल, सर." शाल्मली ते प्रेक्षक दाखवणाऱ्या पडद्याजवळ गेली. "आणि ही माणसं एकेकटी का बसलीत? आठला घरोघरी पानं वाढलेली असतात. टीव्ही एकच असतो."

"माहिती प्रत्येकाच्या मोबाइलवरून घेतली ना, बाई!"

"मग त्यांना एकत्र जेवायला बसवा. तोवर मी वेळापत्रकावर सही करणार नाही."

सरांनी कुरकुरत चाचणी पुन्हा लावली. पडद्यावरच्या एका घरात सून कंटाळून चॅनेल बदलणार, तोच सासरे म्हणाले, "राहू दे गं. तुझ्यासारखीच फटकळ आहे मालिकेतली सून."

"आणि तो म्हातारा तुमच्यासारखा हट्टी," सून हसून म्हणाली आणि तिने रिमोट खाली ठेवला.

"बघितलंत, सर?"

ठोसरांनी आठच्या चौकटीतून रहस्यकथा काढली. "गप्प बस गं जरा," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "पुढे काय म्हणतायत ते ऐकू दे."